एस. व्ही. रंगाराव : दोन भाषांतील एक नट

दक्षिणेतील चित्रपटसृष्टीविषयी मराठीत जे थोडेफार लेखन झाले आहे ते बहुधा नायकांभोवती फिरते. नायक हा त्या त्या भाषेच्या अभिमानाचा विषय असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या नटाचे कार्य एका भाषेच्या कक्षेत सामावत नाही, त्याची वाट अशा लेखनात चुकते. सामर्ल वेंकट रंगाराव (१९१८–१९७४) हे असे नट होत. तेलुगू चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे स्थान प्रथम श्रेणीचे आहे आणि तमिळ चित्रपटाच्या इतिहासातही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. तथापि या दोन इतिहासांतील रंगाराव एकच नव्हेत. तेलुगू रसिकाच्या डोळ्यांसमोर प्रथम घटोत्कच, कीचक आणि नेपाळी मांत्रिक उभे राहतात. तमिळ रसिकाला आठवतो तो श्रीमंत घरातील, स्वभावाने तापट पण अंतरी हळवा असा वडीलधारा पुरुष. एकाच नटाच्या अशा दोन प्रतिमा का व्हाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर नटाच्या गुणांत जितके आहे तितकेच, किंबहुना काहीसे अधिक, त्या दोन भाषांच्या प्रकृतीत आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात असा. रंगाराव यांचा जन्म ३ जुलै १९१८ रोजी कृष्णा जिल्ह्यातील नूजिवीडु येथे झाला. शिक्षणाचा काही काळ मद्रासमध्ये गेला, रंगभूमीचे संस्कार काकिनाड्याच्या हौशी नाट्यमंडळात घडले. अग्निशामक दलातील अधिकाराची नोकरी सोडून ते चित्रपटात आले. बी. व्ही. रामानंदम् यांच्या 'वरूधिनी' (१९४७) या पहिल्याच चित्रपटात त्यांना प्रवराख्याची प्रमुख भूमिका मिळाली. अल्लसानि पेद्दनाच्या 'मनुचरित्र' या काव्यातील हा ब्राह्मण अप्सरेच्या प्रार्थनेला नकार देणारा, कर्मठ आणि निग्रही असा आहे. पुढे ज्या नटाने कीचकाची कामांधता तेलुगू प्रेक्षकांच्या मनावर कायमची कोरली, त्याचा प्रारंभ प्रवराख्याने व्हावा हा एक गमतीचा योग म्हटला पाहिजे. चित्रपट चालला नाही. रंगाराव जमशेटपूरला जाऊन टाटांच्या कारखान्यात नोकरीस लागले आणि काही काळाने पुन्हा मद्रासला आले. त्यानंतर मात्र त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. १८ जुलै १९७४ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

मद्रासचा उल्लेख येथे केवळ स्थळ म्हणून करून चालणार नाही. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य मद्रासपासून वेगळे झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेशाची स्थापना झाली. परंतु तेलुगू चित्रपट त्यानंतरही दीर्घकाळ मद्रासमध्येच निर्माण होत राहिला. राजकीय सीमा आखली गेली तरी कलागृहांची सीमा आखली गेली नव्हती. विजया-वाहिनीच्या कलागृहात त्याच नेपथ्यावर, तोच दिग्दर्शक आणि तोच छायाचित्रकार यांच्या हातून एकच कथा तेलुगूत आणि तमिळमध्ये चित्रित होत असे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या निर्मात्यांनी ही पद्धत शिस्तीने राबविली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ आठवणाऱ्या मराठी वाचकाला या परिस्थितीतील विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. भाषिक राज्यासाठी प्राण वेचले जात असताना भाषिक कलेचे केंद्र मात्र द्वैभाषिक नगरातच राहिले. रंगाराव यांची कारकीर्द या द्वैभाषिकतेचे फळ आहे.

या पद्धतीत एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. दोन्ही आवृत्त्यांत नायक सहसा बदलला जाई. एल. व्ही. प्रसाद यांच्या 'मिस्सम्म' (१९५५) या चित्रपटात तेलुगूमध्ये एन. टी. रामाराव नायक आहेत, तर 'मिस्सियम्मा' या तमिळ आवृत्तीत जेमिनी गणेशन. के. व्ही. रेड्डी यांच्या 'मायाबझार'मध्ये (१९५७) तेलुगूतील अभिमन्यू अक्किनेनी नागेश्वरराव यांचा, तर तमिळमधील जेमिनी गणेशन यांचा आहे. विनोदी नटही बदलत. तेलुगूतील रेलंगींच्या जागी तमिळमध्ये तंगवेलू येतात, कारण विनोद हा नायकापेक्षाही अधिक बोलीनिष्ठ असतो. परंतु 'मिस्सम्म'मधील जमीनदार आणि 'मायाबझार'मधील घटोत्कच मात्र दोन्हीकडे रंगाराव यांचेच आहेत. जमीनदार, राक्षस, पिता यांना निर्माते भाषेच्या सीमेपलीकडचे मानीत, असा याचा अर्थ होतो. हा समज व्यवहारतः सोयीचा होता. कलेच्या दृष्टीने तो कितपत खरा होता ते पाहावयाचे आहे.

रंगाराव यांच्याविषयी दोन मते रूढ आहेत. पहिले असे की, त्यांची उंची, भरदार देह आणि घनगंभीर आवाज हेच त्यांचे भांडवल असून विशालकाय भूमिकांसाठीच ते जन्मास आले होते. दुसरे असे की, ते अत्यंत 'सहज' अभिनय करीत. ही दोन्ही मते एकमेकांना छेद देतात हे उघड आहे, तरी एकाच लेखात ती शेजारी-शेजारी नांदताना दिसतात. 'विश्वनटचक्रवर्ती' यासारख्या पदव्यांनी तर विचाराची गरजच संपविली आहे. (पदवी देणे हा समीक्षा टाळण्याचा सर्वांत सन्माननीय मार्ग होय.) देहाचे मत प्रथम घेतले तर 'षावुकारु' (१९५०) या चित्रपटातील सुन्नम् रंगडु या गावगुंडाच्या भूमिकेने त्याचा निरास होतो. तेथे देह तोच आहे. परंतु तो राक्षसाचा वाटत नाही, रस्त्यावरचा वाटतो. हा बदल घडविते ती भाषा. गिडुगु राममूर्ती यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रांथिक तेलुगूविरुद्ध व्यावहारिक तेलुगूचा जो पक्ष मांडला, त्याचा विजय वृत्तपत्रांत आणि कथा-कादंबऱ्यांत झाला. बोलपटात व्यावहारिक भाषा सामाजिक चित्रपटात स्थिर झाली आणि ग्रांथिक वळण पौराणिक चित्रपटात टिकून राहिले. ज्याला दोन्ही वळणे सारख्याच अधिकाराने बोलता येतात असा नट दुर्मिळ असतो. रंगाराव यांना ती येत. 'सहजता' या शब्दाने हा गुण सांगता येत नाही, कारण ग्रांथिक तेलुगू कोणाचीच सहज भाषा नव्हे.

याच संदर्भात 'पाताळ भैरवी' (१९५१) पाहण्यासारखा आहे. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपटमहोत्सवात तो दाखविला गेला होता. त्यातील मांत्रिकाची भूमिका रंगाराव यांच्या कीर्तीचा पाया ठरली. पिंगळि नागेंद्रराव यांनी या मांत्रिकासाठी जी भाषा घडविली ती ना पंडिताची, ना बाजारातली. 'डिंभक' असा संस्कृत शब्द तो पोराटोरांना हाक मारावी तसा वापरतो. एरवी शब्दकोशात झोपलेला हा शब्द रंगाराव यांच्या उच्चाराने तेलुगू भाषकांच्या थट्टामस्करीत जाऊन बसला. शब्दाच्या इतिहासात लेखकाचा वाटा नोंदविला जातो, नटाचा नोंदविला जात नाही. वस्तुतः 'डिंभक' लोकांनी वाचला नव्हता, ऐकला होता. त्यातील महाप्राण 'भ'वर पडणारा दाब, त्यापूर्वीच्या अनुनासिकावर घेतलेला क्षणाचा विसावा आणि त्यामुळे शब्दात आलेली कुत्सित माया या गोष्टी लिखित संहितेत कोठेही नाहीत.

'मायाबझार'मध्ये हा धागा पूर्णत्वास जातो. मराठी वाचकास ही कथा 'वत्सलाहरण' म्हणून परिचित आहे. बलरामाची कन्या वत्सला (तेलुगूत शशिरेखा) आणि अभिमन्यू यांचे लग्न घटोत्कचाच्या मायेने कसे जुळले, ही ती कथा. व्यासांच्या महाभारतात तिला स्थान नाही. ती लोकपरंपरेने घातलेली भर आहे, आणि म्हणूनच तिच्यात कवीला मोकळीक मिळाली आहे. पिंगळींनी ती मोकळीक शब्दनिर्मितीसाठी घेतली. त्यांचे राक्षस आपल्या पक्षाच्या लोकांना 'असमदीय' म्हणतात आणि विरुद्ध पक्षाला 'तसमदीय'. यांतील पहिला शब्द संस्कृत 'अस्मदीय' होय. जोडाक्षर न पेलल्याने राक्षसाने मध्ये स्वर घातला आहे. वैयाकरण याला स्वरभक्ती म्हणतात. 'रत्न'चा मराठीत 'रतन' होतो तो याच वाटेने. दुसरा शब्द अधिक मौजेचा आहे. 'तद्'पासून 'तदीय' व्हावयास हवे. परंतु राक्षसाने 'असमदीय' या शब्दाच्या साच्यातच नवा शब्द ओतला आहे. मिथ्यासादृश्याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण आहे. मुले भाषा शिकताना नेमके हेच करतात. 'वीरताडु' या शब्दात संस्कृत 'वीर' आणि दोरीला असलेला देशी शब्द यांचा संकर आहे. शुद्धतावादी पंडित अशा समासाकडे प्रसन्न दृष्टीने पाहत नाहीत.

असा अपूर्व शब्द कानी पडला असता घटोत्कच रागावत नाही. कोणी निर्माण केल्याखेरीज शब्द जन्मतील तरी कसे, अशा आशयाचा प्रश्न तो करतो आणि शब्द घडविणाऱ्या सेवकाचा गौरव करावयास सांगतो. भाषेच्या उत्पत्तीसंबंधीचा हा राक्षसी सिद्धान्त तेलुगू भाषकांत म्हणीसारखा रूढ झाला आहे. पण या प्रसंगाचे यश केवळ सिद्धान्ताच्या चातुर्यात नाही. हे वाक्य विनोदी नटाने उच्चारले असते तर प्रेक्षक हसला असता आणि विसरला असता. रंगाराव ते राजाच्या न्यायनिर्णयासारखे उच्चारतात. भाषेवर सत्ता कोणाची, शास्त्र्यांची की बोलणाऱ्यांची, या प्रश्नावर अशिक्षित राजाने दिलेला तो निकाल वाटतो. राक्षसाला हास्यास्पद न करता त्याच्या भोवती हास्य निर्माण करणे, ही या भूमिकेची खरी किमया आहे. लग्नाच्या मेजवानीचा प्रसंग सर्वतोमुखी झाला आहे. मार्कस बार्टली यांच्या छायाचित्रणातील करामतींनी पात्रांतील अन्न आपोआप सरकते आणि माधवपेद्दि सत्यम् यांच्या गळ्यातून हास्य गडगडते. तो प्रसंग रम्य आहेच, परंतु त्यात नटाचा वाटा तुलनेने कमी आहे.

नटाचा वाटा किती होता हे पाहावयाचे असेल तर रंगाराव पडद्यावर नसलेला भाग पाहावा. घटोत्कच मायेने शशिरेखेचे रूप घेतो, तेव्हा ती भूमिका सावित्री करतात. देह तरुणीचा, आणि आत राक्षस. सावित्रींनी येथे कोणत्याही पुरुषाची नक्कल केलेली नाही. रंगाराव यांच्या घटोत्कचाची केली आहे. छाती पुढे काढून टाकलेले पाऊल, मान वळविण्यापूर्वी नजर वळविणे, मनगटाचा झटका या खुणा प्रेक्षकाने आधी रंगाराव यांच्यात पाहिलेल्या असतात. म्हणूनच नाजूक देहावर त्या उमटताच तो ओळखतो. अनुकरण शक्य व्हावयास मूळ कृतीत नियमितता असावी लागते. ज्या अभिनयाचा व्याकरणासारखा साचा दुसरा नट उचलू शकतो, तो अभिनय नुसत्या देहाचा नव्हे आणि नुसता 'सहज'ही नव्हे. तो रचलेला असतो. सावित्रींच्या त्या दहा-बारा मिनिटांत रंगाराव यांच्यावरील सर्वोत्तम भाष्य आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आता तमिळ आवृत्तीकडे वळले असता अडचण दिसू लागते. तेलुगू राक्षसाचा दरारा महाप्राण आणि जोडाक्षरे यांवर उभा आहे. तमिळ वर्णमालेत महाप्राण नाहीत, आणि संस्कृत जोडाक्षर तमिळमध्ये शिरताना फोडले जाते. 'रत्न'चे 'इरत्तिनम्' होते, 'भक्ती'ची 'पत्ती' होते. म्हणजे तेलुगूत जो राक्षसाचा उच्चारदोष, तो तमिळमध्ये भाषेचा नियम आहे. सबब 'असमदीय'मधील विनोदाचा ध्वनिशास्त्रीय पायाच तेथे नाही. राक्षस आणि पंडित यांच्यातील अंतर ज्या ध्वनींनी दाखवावयाचे, ते ध्वनीच तमिळच्या घरी परके आहेत. घटोत्कचाच्या नावातील 'घ' देखील तमिळ लिपीत 'क'च्या अक्षराने लिहावा लागतो. तमिळ 'मायाबझार' लोकप्रिय झाला, त्यातील मेजवानीचे गाणे तमिळ घराघरांत गेले. तेव्हा तमिळ प्रेक्षकाने हा घटोत्कच नाकारला असे मुळीच नाही. परंतु तेथे तो प्रामुख्याने दृश्य आणि संगीत यांच्या बळावर टिकला. त्याच्या मागून असुरांची मालिका तमिळमध्ये निर्माण झाली नाही. तेलुगूत ती झाली : 'दीपावली'तील (१९६०) नरकासुर, 'नर्तनशाला'तील (१९६३) कीचक, 'भक्त प्रह्लाद'मधील (१९६७) हिरण्यकशिपू, 'संपूर्ण रामायणम्'मधील (१९७१) रावण.

दुसरेही एक कारण संभवते. १९५२ च्या 'पराशक्ती'पासून तमिळ चित्रपटात ओजस्वी भाषणाचा हक्क नायकाकडे गेला. मु. करुणानिधी यांची लेखणी आणि शिवाजी गणेशन यांची वाणी यांनी लांब, प्रासबद्ध, घणाघाती संवाद नायकाचे भूषण केले. तेलुगू पद्यनाटकाच्या परंपरेत तो हक्क जितका नायकाचा तितकाच प्रतिनायकाचाही होता. तमिळमध्ये नायकच गर्जत असल्यामुळे त्याच्या समोरच्या वडीलधाऱ्याला शांत बोलण्याची मोकळीक मिळाली. ही मोकळीक रंगाराव यांनी फार चांगली वापरली.

ए. भीमसिंग यांच्या 'पडिक्काद मेदै' (१९६०) या चित्रपटात शिवाजी गणेशन अशिक्षित पण एकनिष्ठ आश्रिताच्या भूमिकेत आहेत आणि रंगाराव वैभव ओसरलेल्या गृहस्वामीच्या. वैभव गेल्यानंतर पोटची मुले दूर होतात आणि आश्रित तेवढा उरतो, हा विषय रडकेपणाला निमंत्रण देणारा आहे. रंगाराव येथे आवाज खाली ठेवतात. ज्या वाक्याच्या शेवटी तेलुगू असुराचा सूर चढला असता, त्या वाक्याचा शेवट ते जवळजवळ गिळून टाकतात. 'अन्नै' (१९६२) आणि 'नानुम् ओरु पेण्' (१९६३) या चित्रपटांतही हेच मंद्र वळण आहे. दुसऱ्या चित्रपटातील जमीनदाराचे मन काळ्यासावळ्या, अशिक्षित सुनेविषयी हळूहळू बदलते. तो बदल प्रेक्षकाला संवादांतून कळण्यापूर्वी आवाजाच्या पट्टीतून कळतो.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. 'मिस्सम्म', 'पडिक्काद मेदै', 'अन्नै' आणि 'नानुम् ओरु पेण्' या चारही कथा मुळात बंगाली आहेत. तमिळ रसिकाने ज्याला आपल्या घरातील वडीलधारा मानले, तो बंगाली एकत्र कुटुंबातील कर्ता पुरुष होता आणि त्याला देह व वाणी दिली ती एका तेलुगू नटाने. 'तमिळ पिता' या कल्पनेच्या शुद्धतेवर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी याचा विचार करावा. यांपैकी काही भूमिका रंगाराव यांनी तेलुगूतही केल्या. 'पडिक्काद मेदै'चे तेलुगू रूप 'आत्मबंधुवु' (१९६२) आणि 'नानुम् ओरु पेण्'चे 'नादी आडजन्मे' (१९६५). पित्याची भूमिका केवळ तमिळची होती असे त्यामुळे म्हणता येत नाही. तेलुगूमध्ये तर त्याहून आधी, बी. एन. रेड्डी यांच्या 'बंगारु पाप'मध्ये (१९५५), जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वरून घेतलेल्या कथेत त्यांनी पोरक्या मुलीमुळे माणसात आलेल्या कठोर पुरुषाचे काम केले होते. त्यांच्या सामाजिक भूमिकांत ते सर्वांत सखोल आहे. तरीही तेलुगू स्मृतीत कोटय्या मागे पडतो आणि कीचक पुढे येतो. प्रेक्षकाची स्मृती भूमिकांची संख्या मोजत नाही. आपल्या भाषेला ज्या भूमिकेने नवे काही दिले ती भूमिका ती राखून ठेवते.

कीचकाविषयी मराठी वाचकाची अपेक्षा वेगळी असणार. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवध' (१९०७) नाटकाने कीचकाला राजसत्तेच्या उन्मादाचे रूप दिले, आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घालून तो अर्थ जणू अधिकृत केला. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' (१९२०) त्याच परंपरेतील. दक्षिणेतही नटराज मुदलियार यांचा 'कीचकवधम्' हा मूकपट त्या भागातील कथापटांचा आरंभ मानला जातो. तेव्हा कीचक हा भारतीय चित्रपटाचा जुना सोबती आहे. कमलाकर कामेश्वरराव यांच्या 'नर्तनशाला'त राजकीय रूपक नाही. तिक्कनाने तेलुगूत आणलेल्या विराटपर्वाची छाया तेथे आहे. रंगाराव यांचा कीचक स्वतःच्या रसिकतेवर लुब्ध आहे. सैरंध्रीवर बळजबरी करण्यापूर्वी तो तिला जिंकू पाहतो, आणि आपण जिंकणार याविषयी त्याला लवमात्र शंका नसते. या आत्मप्रीतीमुळे तो भयंकर होतो. खाडिलकरांच्या कीचकाचा द्वेष करता येतो. या कीचकाकडे प्रेक्षक क्षणभर कौतुकाने पाहतो आणि मग त्या कौतुकाची त्याला लाज वाटते. १९६४ मध्ये जकार्ता येथील आफ्रो-आशियाई चित्रपटमहोत्सवात या भूमिकेसाठी रंगाराव यांना सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार मिळाला. ज्यांना तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता अशा परीक्षकांनी तो दिला, ही बाब वाणीवर भर देणाऱ्या प्रस्तुत विवेचनाला प्रतिकूल आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी चाल आणि नजर पाहिली असावी. परंतु स्वर आणि लय यांचा अर्थ शब्दार्थाआधी पोहोचतो, हेही तितकेच खरे.

हिरण्यकशिपूच्या भूमिकेत असुर आणि पिता एकत्र आले. दोन भाषांत विभागलेले दोन रंगाराव एका देहात भेटण्याची ही संधी होती. 'भक्त प्रह्लाद' पाहताना मात्र ती अर्धीच साधल्याचे जाणवते. दरबारातील गर्जना भव्य आहेत. परंतु मुलाला शिक्षा फर्माविणाऱ्या बापाच्या आवाजात 'पडिक्काद मेदै'मधील तो गिळलेला शेवट क्वचितच ऐकू येतो. दोष सर्वस्वी नटाचा नव्हे. पौराणिक संवादाची चाकोरी एवढी पक्की झाली होती की, तिच्यात थांबण्यास जागाच उरली नव्हती. त्यांच्या उत्तरकाळातील पुष्कळ पितृभूमिकाही साच्याच्या आहेत. मागणी मोठी होती आणि संहिता दुबळ्या. 'चदरंगम्' (१९६७) आणि 'बांधव्यालु' (१९६८) या दोन चित्रपटांचे दिग्दर्शन त्यांनी केले ते बहुधा या असंतोषातून. दोन्हींचा विषय कुटुंब हाच आहे.

पुढे मद्रासमधील द्वैभाषिक निर्मितीची पद्धत क्षीण झाली, तेलुगू चित्रपटाने क्रमशः हैदराबादेत बस्तान बसविले आणि चित्रपटाचे इतिहास राज्यनिहाय लिहिले जाऊ लागले. रंगाराव यांचे दोन तुकडे झाले ते तेव्हा. २०१० मध्ये 'मायाबझार'ची तेलुगू आवृत्ती रंगीत करून पुन्हा प्रदर्शित करण्यात आली, आणि तिच्यावरील लेखनाला नवा उत्साह आला. त्या लेखनात तमिळ आवृत्तीचा उल्लेख एका वाक्यापलीकडे सहसा जात नाही. दोन्ही आवृत्त्यांतील घटोत्कचाचे संवाद समोरासमोर ठेवून, उच्चार, विराम आणि स्वराघात यांची नोंद प्रसंगवार केली गेली, तर एक नट दोन ध्वनिव्यवस्थांत एकच पात्र कसे उभे करतो, याची सामग्री हाती येईल. तेलुगू आणि तमिळ दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाला हे काम एका वर्षात करता येण्याजोगे आहे.